मामाचा ट्रक, माझा ‘क्लिक’

आधीच सांगून टाकते. माझी शाळा दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी आम्हाला तिसरी भाषा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर वाचक मंडळींनी दुरुस्त करून वाचाव्यात. मी हा लेख इंग्रजी विभागाला देणार होते. पण मराठी विभागाच्या संपादकांनी मेसमध्ये गाठून सांगितलं की इंग्रजीत आधीच पावसावरच्या अकरा कविता आल्यात, तू त्या ट्रकचं लिही, आणि जेवताना सांगतेस तसंच लिही. म्हणून लिहिते आहे.

मे २०२५ मध्ये मी मामाकडे मिशिगनला गेले होते. डेट्रॉईटपासून तासाभरावर त्याचं घर आहे. मामाकडे १९९६ सालचा एक पिकअप आहे. तिकडे पिकअपलाच सरळ ‘ट्रक’ म्हणतात, आपल्या दहाचाकीसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. ५.७ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पुढे तिघं बसतील अशी एकच लांब सीट. मामीला तो ट्रक अंगणात नको आहे आणि मामाला तो विकायचा नाही, हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासून चालू असावा.

माझ्या मामेबहिणीला, म्हणजे ताईला, शिकागोत नोकरी लागली होती. शनिवारी सकाळी तिचं सगळं सामान ट्रेलरवर चढवून मामाच्या ट्रकने ओढत न्यायचं ठरलं होतं. आय-९४ हायवेने साधारण साडेचारशे किलोमीटर. आणि बुधवारी संध्याकाळी मामा ऑफिसातून आला, गॅरेजमध्ये शिरला आणि नाक वर करून म्हणाला, “गोड वास येतोय.”

मला वाटलं, मामीने शिरा केला असेल. तो वास कूलंटचा होता. एथिलीन ग्लायकॉल चवीला आणि वासाला गोडसर असतं, आणि तेच त्याचं वाईट आहे, कारण कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची किडनी निकामी होते. शेजाऱ्यांचा कुत्रा दिवसातून चार वेळा मामाच्या अंगणात येतो. त्यामुळे मामाने आधी पाणी ओतून जमीन धुतली आणि मगच बॉनेट उघडलं.

रेडिएटरच्या एका टाकीच्या कडेला, जिथे काळं प्लॅस्टिक अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीला जोडलेलं असतं, तिथे हिरवट-पांढरी खपली जमली होती आणि खालून थेंब पडत होता. या रेडिएटरच्या दोन्ही टाक्या काचतंतू घातलेल्या नायलॉनच्या असतात. मधला गाभा अ‍ॅल्युमिनियमचा. दोघांच्या मध्ये रबराचं गॅस्केट घालून धातूची कड दाबून दुमडतात. रोज तापायचं, रोज गार व्हायचं, असं वर्षानुवर्षं चाललं की प्लॅस्टिक कडक होतं, गॅस्केट चपटं होतं, आणि एक दिवस त्या दुमडीतून पाणी बाहेर येतं. त्यात कंपनीचा काही दोष नाही. इतक्या वर्षांत आमच्या हॉस्टेलच्या गिझरचे तीन वेळा प्राण गेले असते.

“मग रेडिएटरला डाग देऊन घे ना,” मी म्हटलं. मामा हसला. डाग देता येतो तो तांब्या-पितळेच्या रेडिएटरला. सुट्टीवरून परत आल्यावर मी साताऱ्याजवळ हायवेवरच्या एका रेडिएटरवाल्याकडे मुद्दाम जाऊन उभी राहिले. तिथे एका जुन्या मालट्रकचा रेडिएटर उघडला होता. वरची आणि खालची पितळी टाकी ब्लो-लँपने झाळ वितळवून सुटी केली, मग चपट्या नळ्यांमधून पोलादाची लांब पट्टी घालून आतला क्षार खरवडून काढला, परत टाक्या डाग देऊन बसवल्या. शेवटी सगळी तोंडं बंद करून, एका तोंडातून हवा भरून अख्खा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. जिथून बुडबुडे, तिथे परत डाग. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात ना, अगदी तसं. ते काका म्हणाले, “ह्यो असा रेडिएटर तुमी म्हाताऱ्या झाला तरी चालंल. प्लॅस्टिकचा आला की मी हातच जोडतो.” तर मामाचा रेडिएटर हात जोडण्याच्या जातीतला होता. नवाच आणायचा, दुसरा इलाज नाही.

इथपर्यंत गोष्ट सोपी होती. नवा रेडिएटर गुरुवारी दुपारी मिळाला, दोनशे डॉलरच्या आसपास. पण मामाच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती ती रेडिएटरची नव्हती. त्याच्या टाकीतून निघणाऱ्या दोन बोटाएवढ्या पाइपांची होती.

हे पाइप आपल्याकडच्या जुन्या ट्रकला दिसणार नाहीत, कारण आपल्याकडे बहुतेक सगळे मॅन्युअल गिअरबॉक्स. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट नसते, टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेले दोन पंखे समजा. एक पंखा इंजिन फिरवतं, तो तेल फेकतो, आणि त्या तेलाच्या धक्क्याने दुसरा फिरतो. दोघांचा वेग सारखा नसतो, थोडी ‘स्लिप’ असतेच. ती स्लिप म्हणजे वाया गेलेली शक्ती, आणि वाया गेलेली शक्ती म्हणजे उष्णता. हायवेवर एका वेगाने चाललात की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना बांधून टाकतो आणि स्लिप संपते. पण ट्रेलर ओढताना, सिग्नलला थांबताना, चढावर, लॉक सुटतो आणि तेल तापायला लागतं.

किती तापतं? मी वहीच्या मागे हिशोब केला. समजा ट्रेलर ओढत चढावर कन्व्हर्टरमधून ६० किलोवॅट जातायत आणि त्यातले १० टक्के वाया जातायत. म्हणजे ६ किलोवॅट. आपल्या हॉस्टेलमध्ये जे इमर्शन रॉड कोणाकडेच नाहीत (रेक्टर सर, खरंच नाहीत), त्यातला एक दीड किलोवॅटचा धरला, तर असे चार रॉड गिअरबॉक्सच्या तेलात एकदम घातल्यासारखं. गिअरबॉक्समध्ये तेल साधारण १० लिटर, म्हणजे साडेआठ किलो. तेलाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्म्याने, २ किलोज्यूलच्या आसपास. भागाकार करा: मिनिटाला जवळजवळ २१ अंश. बाहेरच्या हवेने गिअरबॉक्स थोडा गार होतो ते सोडून दिलंय, पण तरीही ८० अंशांवरचं तेल दोन मिनिटांत १२० वर. आणि १२० च्या पुढे तेल जळायला लागतं, आतल्या क्लचच्या पट्ट्यांवर व्हार्निशसारखा थर धरतो, रबरी सील कडक होतात. मेकॅनिक लोकांचा ढोबळ नियम आहे की तापमान दर ११ अंशांनी वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

म्हणून हे तेल एका पाइपने बाहेर काढतात, रेडिएटरच्या टाकीत बसवलेल्या छोट्या कूलरमधून फिरवतात आणि दुसऱ्या पाइपने परत आणतात. टाकीच्या आत कूलर, कूलरच्या आत तेल, कूलरच्या बाहेर कूलंट. दुसऱ्या वर्षी ‘शेल अँड ट्यूब’ हीट एक्स्चेंजरचं जे चित्र आपण फाईलमध्ये तीन वेळा काढून सही घेतो, त्याचाच हा लहान भाऊ. गंमत म्हणजे हा कूलर मुद्दाम गार पाण्याच्या बाजूला ठेवतात, म्हणजे इंजिनकडून आलेलं गरम पाणी सगळी जाळी ओलांडून ज्या टाकीत पोचतं, तिथे. आणि मिशिगनच्या जानेवारीत तो उलटं कामही करतो. इंजिनचं पाणी गिअरबॉक्सच्या तेलाच्या आधी तापतं, त्यामुळे तेच तेलाला ऊब देतं. व्हायव्हाला कोणी विचारलं तर हे सांगा, सर खूश होतील.

आता यातली भीतीची गोष्ट. तेल आणि कूलंट यांच्यामध्ये फक्त एक पातळ पत्रा. तो पत्रा फुटला तर कूलंट तेलात जातं, आणि लाल तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी होतं. तिकडचे मेकॅनिक त्याला मिल्कशेकच म्हणतात. ग्लायकॉल आणि पाणी क्लचच्या पट्ट्यांचा डिंक सोडवतात आणि गिअरबॉक्स संपतो. २००५ ते २०१० च्या काही एसयूव्ही आणि पिकअपमध्ये हे इतकं झालं की प्रकरण कोर्टात गेलं. मामाच्या ओळखीच्या गिअरबॉक्सवाल्याने दुरुस्तीचा आकडा अडीच ते तीन हजार डॉलर सांगितला होता. तेवढ्यात मामीच्या मते अख्खा दुसरा ट्रक येतो. म्हणजे पाइप सोडताना, बसवताना काही चुकलं आणि गिअरबॉक्स गेला, तर ट्रक अंगणातून जाणार हे नक्की. आणि ताईचं सामान आय-९४ वर उभं राहणार ते वेगळंच.

मामाने आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून पांढऱ्या कागदावर पुसली. लाल, स्वच्छ लाल. गुलाबी नाही. “चला, आतला कूलर शाबूत आहे. आता आपण फोडला नाही म्हणजे मिळवली.”

गुरुवारी संध्याकाळी कामाला लागलो. इंजिन गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, हे खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभे असलेले ड्रायव्हरही सांगतील. पण का, ते सांगते. ते झाकण नुसतं झाकण नाही, स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे, आणि तो आत सुमारे एक बार जादा दाब धरून ठेवतो. अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाच्या दाबाखाली जवळपास १३० पर्यंत तग धरतं. म्हणजे आत ११५ अंशांचं पाणी शांत बसलेलं असतं. तुम्ही झाकण फिरवलंत की दाब गेला, आणि तेच पाणी त्याच क्षणी उकळून तुमच्या तोंडावर.

खालची तोटी उघडून कूलंट परातीत घेतलं. (परात मामीची नव्हती, असं मामाचं म्हणणं.) निम्मंच निघतं, बाकीचं इंजिनच्या पोटात राहतं. वरचं पंख्याचं कव्हर काढलं, होजच्या क्लिपा सोडल्या. होज चिकटलेला असेल तर ओढायचा नाही, थोडा पिरगळून सैल करायचा, नाहीतर प्लॅस्टिकची नळीच मोडून हातात येते. मोडली असती तरी जुना रेडिएटर फेकायचाच होता, पण सवय चांगली.

मग ते दोन पाइप. गंमत अशी की दोन्हीची फिटिंग वेगवेगळी निघाली. खालचं मूळ कंपनीचं, दाबून बसणारं. वरचा पाइप आधीच्या मालकाने कधीतरी बदलला होता आणि तिथे जुन्या पद्धतीचं, नटवालं फ्लेअर फिटिंग लावलं होतं.

वरच्यापासून सुरू केलं. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. डेट्रॉईट शहराच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे, त्यामुळे मिठाला तोटा नाही. पण ते मीठ गाड्यांचं खालचं अंग खाऊन टाकतं. आमचा नट आणि पोलादी पाइप गंजून एकजीव झाले होते. गंज सोडवायचं तेल फवारून आम्ही अर्धा तास चहा प्यायलो, परत फवारलं. मग मामाने दोन पाने घेतले. टाकीतून बाहेर आलेल्या फिटिंगला एक पाना लावून ते घट्ट धरायचं, आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. हा दुसरा पाना साधा नाही. रिंग पान्याला एका बाजूने फट पाडली की पाइपवरून आत घालता येतो आणि नटाच्या जवळपास सगळ्या बाजू धरतो. साध्या पान्याने मऊ नटाचे कोपरे गोल होतात आणि मग पकड, छिन्नी, शिव्या, या क्रमाने काम पुढे जातं.

दोन पाने का? कारण एकाच पान्याने नट ओढलात तर फिटिंगसकट आतला कूलर प्लॅस्टिकच्या टाकीत पिळला जातो. तोच तो पातळ पत्रा. जुन्या रेडिएटरला चालेल, पण नव्यावर बसवताना हीच चूक केली तर आपण स्वतःच्या हाताने मिल्कशेक तयार केला.

नट फिरला. पण त्याच्याबरोबर पाइपही पिळला गेला आणि जिलबीसारखा वेडावाकडा झाला. मामा म्हणाला, “हे अपेक्षित होतं,” पण त्याचा चेहरा तसं म्हणत नव्हता. संध्याकाळचे सात वाजलेले. आम्ही पाइप चांगल्या भागापर्यंत कापला आणि पुढचा तुकडा नवीन करायचा ठरवला, निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा. हा पाइप गंजत नाही आणि हाताने वळतो.

आता फ्लेअर म्हणजे काय ते सांगते, कारण मला वर्कशॉपच्या तासाला हे कोणी सांगितलं नव्हतं, किंवा मी तेव्हा कँटीनमध्ये असेन. घरातल्या नळाच्या जोडाला आपण सुतळी-सफेदा किंवा टेफ्लॉन टेप लावतो, कारण तिथे आटे निमुळते असतात आणि पाणी आट्यांमध्येच अडवायचं असतं. फ्लेअर फिटिंगमध्ये आटे काहीही अडवत नाहीत. पाइपचं तोंड शंकूसारखं पसरवलेलं असतं, समोर तसाच शंकू असतो, आणि नट फक्त दोघांना एकमेकांवर दाबतो. धातूवर धातू, तिथेच सील. म्हणून इथे टेफ्लॉन टेप लावायची नाही. टेपने गळती तर थांबत नाहीच, उलट तिचा तुकडा सुटून गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. आणि शंकूचा कोन जुळायला हवा. गाड्यांच्या अशा पाइपांना ४५ अंश, हायड्रॉलिकच्या बऱ्याच फिटिंगना ३७ अंश. काही मापांत आटेही जुळतात, नट मस्त बसतो, आणि थेंब मात्र पडत राहतो, कारण दोन शंकू एका बारीक रेषेवरच टेकतात. डोळ्याला हा ८ अंशांचा फरक पटकन कळत नाही.

पाइपची भिंत पातळ, म्हणून तोंड नुसतं पसरवलं तर चिरतं. त्यासाठी डबल फ्लेअर करतात. आधी छोट्या डायने कड आत दुमडायची, मग शंकूने दाबून पसरवायची, म्हणजे सीलच्या जागी धातूचे दोन थर येतात. साडीची कड दुमडून शिवतात तसं. पाइप सरळ काटकोनात कापायचा, आतली बारीक धार कानशीने काढायची, तेलाचा थेंब लावायचा. मामाने मला करू दिलं. पहिला फ्लेअर तिरका आला. दुसरा चिरला. तिसरा इतका सुरेख आला की मी फोटो काढला, आईला पाठवला, आणि मग पाहिलं तर नट टेबलावरच होता. फ्लेअर केल्यावर नट पाइपवर घालता येत नाही, तो आधी घालायचा असतो. मामा इतका हसला की मामी बाहेर आली. चौथा फ्लेअर मी नट घालून केला. तिसऱ्याइतका सुंदर नाही आला.

दुसरं टोक जुन्या पाइपच्या चांगल्या भागाला तशाच फ्लेअरने आणि मधल्या जोडाने जोडलं. इथे बरेच जण सरळ रबरी होज आणि दोन क्लिपा लावतात. गिअरबॉक्सच्या तेलासाठीचाच होज असेल आणि पाइपच्या टोकाला उंचवटा असेल तर ते चालतं. पण दुकानातून जो मिळेल तो पेट्रोलचा किंवा पाण्याचा होज आणून लावला, की गरम तेलाने तो फुगतो आणि एक दिवस निसटतो. मामा म्हणाला की घरापुरतं फिरायचं असतं तर त्यानेही होज लावला असता.

रात्री दहाला नवा रेडिएटर रबरी ठोकळ्यांवर बसला. कूलरच्या तोंडांवर वाहतुकीसाठी लावलेली प्लॅस्टिकची बुचं काढायची आठवण ताईने केली, जी सायकॉलॉजी शिकली आहे. फिटिंगा हाताने आटे धरेपर्यंत फिरवल्या आणि मग दोन पाने लावून घट्ट केल्या.

उरलं खालचं, दाबून बसणारं फिटिंग. ते मामाने मला दिलं. “लहान हात हवेत, तू कर.”

याची रचना हुशार आहे. फिटिंगच्या गळ्यात एक स्प्रिंगची क्लिप असते, तिचे तीन कान आत डोकावतात. पाइपच्या टोकामागे एक गोल उंचवटा असतो. पाइप सरळ दाबला की उंचवटा कानांना बाजूला सारून पुढे जातो, कान त्याच्या मागे पडतात, ‘क्लिक’ असा आवाज येतो. आत ओ-रिंग आहे, ती तेल अडवते. धरून ठेवायचं काम क्लिपचं, अडवायचं काम ओ-रिंगचं, दोघांच्या नोकऱ्या वेगळ्या. क्लिप जुनी वापरायची नाही, ताण गेलेला असतो. आणि पाइपवर आधीपासून एक प्लॅस्टिकची टोपी असते, ती शेवटी फिटिंगवर सरकवायची. मला वाटलं ही टोपी धूळ बसू नये म्हणून.

मी नवी क्लिप बसवली, ओ-रिंगला तेल लावलं, पाइप दाबला. टक् असं काहीतरी वाजलं. टोपी सरकवली तर ती अर्ध्यावर अडकली. मी मनात म्हटलं, जुनं प्लॅस्टिक, आकसलं असेल. अंगठ्याने जोर लावून तिरकी का होईना, बसवली.

डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं मिसळून भरलं. नळाचं पाणी जड असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक नळ्यांत क्षार धरतो, आणि आमच्या हॉस्टेलच्या पाण्याने तर सहा महिन्यांत धरेल. कूलंटच्या रंगावरून मात्र जाऊ नका, हिरवा-नारिंगी हा रंगारी ठरवतो, आतलं रसायन बाटलीवर वाचायचं. हीटर पूर्ण चालू ठेवून, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं. साधारण ९१ अंशांना थर्मोस्टॅट उघडला, रेडिएटर गटगट आवाज करत पाणी प्यायला, पातळी खाली गेली, परत भरलं. बुडबुडे थांबले तेव्हा झाकण लावलं. गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर, गरम असताना पाहिलं. या गाडीत इंजिन बंद करून पाहिलं तर चुकीचा आकडा दिसतो. सांडलेलं तेवढं भरलं. सगळं कोरडं. साडेअकरा वाजले होते. मी म्हटलं झालं.

मामाने एक मोठा स्वच्छ पुठ्ठा आणून रेडिएटरखाली सरकवला. “झालं की नाही ते सकाळी हा सांगेल.”

शुक्रवारी सकाळी सहाला मी चप्पल न घालता गॅरेजमध्ये गेले. पुठ्ठ्यावर रुपयाएवढा एक लाल ठिपका होता.

लाल. म्हणजे कूलंट नाही, गिअरबॉक्सचं तेल. वरच्या पाइपाचा, म्हणजे माझ्या चौथ्या फ्लेअरचा असेल असं धरून मी रडवेली झाले होते. मामाने टॉर्च मारून बोट फिरवलं. फ्लेअर कोरडा होता. ओलं होतं ते खालचं फिटिंग. त्याने ती तिरकी टोपी मागे सरकवली आणि पाइप दोन बोटांनी हलकासा ओढला. पाइप बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर लाल तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत.

उंचवटा क्लिपच्या कानांच्या मागे गेलाच नव्हता. कानांवर येऊन टेकला होता, आणि मी ऐकलेला ‘टक्’ तोच होता. ओ-रिंगने रात्रभर कसंबसं तेल धरलं, थोडं झिरपलं. गॅरेजमध्ये इंजिन नुसतं सुरू असताना दाब आणि हादरे कमी होते. हायवेवर ट्रेलर लावून, पाच-दहा मैलांत, तो पाइप निसटला असता आणि पंपाने काही मिनिटांत गिअरबॉक्स रस्त्यावर रिकामा केला असता. आत क्लच कोरडे झाले की घसरतात, घसरले की जळतात.

“टोपी बसत होती का?” मामाने विचारलं.

“अर्धवट. मी जोर लावला.”

“अगं, ती टोपी म्हणजे शोभा नाही. पाइप पूर्ण आत गेला असेल तरच ती पूर्ण बसते. ती सांगत होती तुला.”

त्या टोपीचं कामच ते आहे. पाइप दोन मिलिमीटर जरी मागे राहिला तरी टोपीचा आतला खाचा फिटिंगवर बसत नाही. फॅक्टरीत पाइप जोडणाऱ्या माणसाला अंधारात, आवाजात क्लिक ऐकू येईलच असं नाही, म्हणून डिझाइन करणाऱ्याने दुसरा साक्षीदार ठेवला. आणि मी अंगठ्याने त्या साक्षीदाराचं तोंड दाबलं होतं. मामाला मी सॉरी म्हटलं. तो काही बोलला नाही, नवी क्लिप काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः टॉर्च धरून बसला.

या वेळी मी पाइप अगदी सरळ रेषेत धरला (काल तो जरा तिरका दाबला होता, वरचा होज मध्ये येत होता) आणि दाबला. ‘क्लिक’. खरा क्लिक हाताला कळतो, कानापेक्षा जास्त. पाइप मागे ओढून पाहिला, हलला नाही. टोपी जोर न लावता सरकली. सांडलेलं तेल भरलं, गाडी अर्धा तास चालवून आणली, नवा पुठ्ठा टाकला. शुक्रवारी रात्री पुठ्ठा कोरडा. शनिवारी पहाटे पुन्हा पाहिला, कोरडा. जुनं कूलंट मामीने झाकण लावून, वर ‘विष’ असं मराठीत लिहून ठेवलं. ते शेजाऱ्यांच्या कुत्र्याला कसं वाचता येणार, हे कोणी विचारलं नाही. सोमवारी मामाने ते टाकाऊ रसायनं घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दिलं.

शनिवारी सात वाजता निघालो. मामा चालवत होता, मध्ये मी, खिडकीशी ताई, मागे ट्रेलरवर तिचा पलंग आणि सव्वीस खोकी. ट्रेलर असल्याने मामाने ओव्हरड्राइव्ह बंद ठेवला होता, म्हणजे गिअरबॉक्स सारखा वर-खाली करत बसत नाही आणि कमी तापतो. मी सगळा वेळ तापमानाच्या काट्याकडे बघत होते. काटा ९० च्या जवळ चिकटून होता. ताई म्हणाली, “तू जरा बाहेर बघ, लेक मिशिगन दिसतंय का.” मला दिसलं नाही.

शिकागोच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी आधी उतरले आणि टॉर्च घेऊन पालथी पडून रेडिएटरखाली पाहिलं. मामा पलीकडच्या बाजूने पालथा पडून तेच बघत होता.